चार बोटे उंच खुर्ची

मी एक जुनी सागवानी खुर्ची आहे, मित्रांनो. माझ्या पाठीवर पांढऱ्या रंगात सतरा नंबर घातलेला आहे आणि माझे चारही पाय खालून कापलेले आहेत. येणारे-जाणारे विचारतात, हिला काय झाले? मला काही झाले नाही. झाले ते माझ्यावर बसणाऱ्या माणसाला. रडून सांगणार नाही. लाकडाला रडता येत नाही.

सत्तेचाळीस साली गोंदियाच्या मनिराम मिस्त्रीने मला बनवले. तहसील कचेरीतले तेव्हाचे साहेब ताडमाड उंच. मनिरामने त्यांच्या गुडघ्यापासून टाचेपर्यंत दोरी लावली आणि त्या मापाचे माझे पाय केले. साहेब दोन महिने बसले नि बदलून गेले. नव्या साहेबांनी स्वतःची खुर्ची आणली. मग मला ढकलत नकलांच्या खोलीत नेले. ही कोणाच्या मापाची आहे, हे तिथे कोणी विचारले नाही.

त्या खोलीत पुरनलाल होता. दवनीवाड्याच्या शेतकरी घरातला, ठेंगणा, अबोल माणूस. जमिनीच्या कागदांच्या नकला लिहायचे त्याचे काम. अक्षर असे देखणे, की शेतकरी दारातूनच सांगायचे, आमची नकल पुरनलालबाबूंच्या हातची द्या. त्या उजव्या हातावर त्याचे घर चालत होते आणि त्याचा मानही त्याच हातात होता. तोवर तो सतरंजीवर बसून, उतरत्या झाकणाच्या लाकडी पेटीवर कागद ठेवून लिहायचा. मध्येच मांडी बदलायचा, पाय पसरायचा, पाणी प्यायला उठायचा. त्याचे काही दुखत नव्हते.

मग त्याला बढती मिळाली आणि मी मिळाले. पहिल्या दिवशी त्याने मला आपल्या दुपट्ट्याने पुसले. हळूच वर चढला. त्याचे पाय जमिनीपासून चार बोटे वर राहिले. त्याने ते पाहिले आणि लगेच धोतर खाली ओढून घेतले.

तुम्हाला खरे सांगते, मलाही तेव्हा फार बरे वाटले. कोणीतरी मला इतके जपत होते. पुरनलाल सकाळी बसला की उठायचाच नाही. उठायला लागू नये म्हणून शाईची मोठी दौत आणि पाण्याचा तांब्या त्याने टेबलावरच आणून ठेवला. बडेबाबू, म्हणजे मुख्य कारकून, केवळराम सगळ्यांना ऐकवायचे, "पुरनलाल को देखो! सुबह बैठता है तो शाम को उठता है. इसको कहते हैं काम!" ते ऐकून पुरनलाल आणखी वाकून लिहायचा. मी आणखी ताठ उभी राहायचे. कसली शहाणी मी!

माझी पुढची कड त्याच्या मांड्यांना खालून दाबत होती. पायांना मुंग्या यायच्या. मग तो पुढे सरकायचा आणि चवडे टेकवायचा. त्यामुळे पाठ माझ्या पाठीपासून सुटायची. टेबल त्याला बुटके पडायचे, म्हणून मान कागदावर लोंबत राहायची. असे दिवसभर, आणि असे वर्षानुवर्षे. आधी कंबर धरली. मग मान. मग उजवा खांदा. कोणी म्हणाले वात आहे, वांगी सोडा. त्याने वांगी सोडली. कोणी टोरीचे, म्हणजे मोहाच्या बियांचे, तेल चोळायला सांगितले. कचेरीभर त्या तेलाचा वास येऊ लागला. टेबलाखाली मात्र कोणी वाकून पाहिले नाही.

पाहिले ते शांतीबाईने. ती पुरनलालची बायको, दवनीवाड्याला शेती बघायची. ऐन भाताच्या रोवण्याचे दिवस, आणि नवरा दोन रविवार गावी आला नाही, म्हणून ती थेट कचेरीत आली. टाचांच्या भेगांत अजून चिखल होता. ती दारात थबकली.

"अगा बाई! तुमचे पाय काऊन लटकून राहिले जी?"

"हळू बोल," पुरनलाल म्हणाला. "बडेबाबू आयकतीन."

"आयकू द्या! आमी दिसभर वाकून रोवणा लावतो. पन एक पात सरली का धुऱ्यावर, बांधावर उभं राहतो, कंबर सरळ करतो. तुमी कवा उठता?"

"उठलो तं काम सोडलं म्हनतेत."

"मंग खाली बसा. तुमची पेटी कोठी गेली?"

पुरनलाल गोरामोरा झाला. "बाबू झालो आता. खाली बसू? लोक का म्हनतीन?"

शांतीबाईने कपाळावर हात मारला. बाहेर गेली, आवाराच्या कोपऱ्यातून दोन विटा उचलून आणल्या आणि त्याच्या पायांखाली सारल्या. पुरनलालचे तळवे टेकले. त्याची पाठ मागे आली आणि माझ्या पाठीला लागली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. त्याने डोळे मिटले.

विटा अकरा दिवस राहिल्या. त्या दिवसांत तेलाचा वास कमी झाला. बाराव्या दिवशी मोठे साहेब तपासणीला येणार होते. केवळराम ओरडले, "ये दफ्तर है या ईंटभट्टा?" विटा खिडकीबाहेर गेल्या. कोणीतरी म्हणाले, खुर्चीचे पायच कापू या ना. केवळरामांनी माझ्या पाठीवरच्या नंबराकडे बोट दाखवले. सरकारी मालाला करवत लावली तर नोकरी जाईल.

तपासणी एका तासात संपली. विटा आत आणायला पुरनलालने फक्त उठायचे होते. तो उठला नाही. लाजला. पुढे त्या विटांवर गवत उगवले. ते त्याला बसल्या जागेवरून दिसायचे.

अठ्ठावन्न साली एका सकाळी त्याच्या हातून टाक गळून पडला. त्याने उचलला, पुन्हा पडला. अंगठा आणि दोन बोटे त्याच्या ताब्यात राहिली नव्हती. सरकारी दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, मानेतली नस फार वर्षे दबत आली आहे. लवकर यायला हवे होते. आधी त्याला टपालावर शिक्के मारायला लावले. मग घरी पाठवले. केवळरामांनी निरोपाच्या भाषणात सांगितले, की पुरनलालने कधी खुर्ची सोडली नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

माझ्यावर नवा कारकून सेवकराम बसू लागला. त्याचेही पाय लोंबत होते. मला काही वाटले नाही. वाटायला हवे होते.

साठ साली नवे राज्य झाले, नवे सामान आले आणि मी लिलावात निघाले. मला पुरनलालने घेतले. का घेतले, ते त्याने कोणाला सांगितले नाही. दवनीवाड्याच्या अंगणात त्याने मला आडवे केले आणि करवत हातात घेतली. हातात ती राहीना. शांतीबाईने त्याच्याकडून घेतली. चार बोटे मोजून तिने माझे पाय कापले. भात शिजायलाही त्याहून जास्त वेळ लागतो. पुरनलाल बसला. त्याचे दोन्ही पाय जमिनीवर आले.

"कसं वाटून राहिलं जी?" तिने विचारले.

"बरं वाटते," तो म्हणाला. मग बराच वेळ पायांकडेच पाहत राहिला.

मित्रांनो, तुम्ही माझ्यासारख्या कोणावर तरी बसूनच हे वाचत असाल. खाली बघा. पाय टेकलेत का? नसतील तर वीट घ्या, पाट घ्या, जे मिळेल ते घ्या, आणि कोणाला विचारत बसू नका. पाठ मागे टेकू द्या. कागद डोळ्यांजवळ वर आणा, मान कागदाकडे नेऊ नका. आणि मध्ये मध्ये उठा हो! पाणी लांब ठेवा. न उठणाऱ्याचे कोणी कौतुक केले तर ते ऐकून घ्या आणि उठा. आम्हाला खुर्च्यांना तुमचे दुखणे कळत नाही. आम्ही नुसत्या उभ्या असतो.

माझ्या पायांचे ते चार तुकडे त्याच संध्याकाळी चुलीत गेले. त्यावर भात शिजला. शांतीबाईने ताट वाढून पुरनलालसमोर ठेवले आणि तोंड दुसरीकडे फिरवले. तो भात त्याने डाव्या हाताने खाल्ला.