दुपारचा आवाज

कांताने उदबत्ती पेटवली, पण देवापुढे लावली नाही. चुलीच्या बाजूला सिमेंटच्या फरशीला तडा गेला होता. तिथे ती पोट सांभाळत उकिडवी बसली आणि उदबत्ती तड्यावर धरली. धूर सरळ वर गेला. ती वाट पाहत राहिली.

बाहेर ऊन रणरणत होतं. समोरच्या मैदानात पाण्याच्या टाकीसाठी मोठा खड्डा खणणं चाललं होतं. मजूर जेवायला वर आले तसा तळाचं पाणी उपसायचा पंप धडधडू लागला. थोड्या वेळाने धूर डगमगला, वाकला आणि कुणी खालून ओढून घ्यावा तसा फरशीत शिरला. मग तो आवाज आला. लांब, बारीक, बाईमाणसाने तोंडात पदर कोंबून रडावं तसा.

कांताच्या अंगावर सरसरून काटा आला. पण हात तिने हलवला नाही.

या आवाजापायीच आधीचं बिऱ्हाड क्वार्टर सोडून गेलं होतं. शेजारच्या शकुबाईने ते पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं होतं.

"इथं आधी गाव होतं बापा. कारखान्यासाठी उठवलं. एक बाई मांगं राहिली म्हणतेत. रोज दुपारी रडते. फक्त रविवारी नाई रडत."

"रविवारी कावून नाई?"

"बाजाराले जात असन," शकुबाई म्हणाली, पण हसली नाही.

त्या रविवारापाशी कांताचं मन अडकून बसलं होतं. मेलेल्याला कसली आली सुट्टी? सुट्टी जित्या माणसाला असते, आणि तो चालवत असलेल्या यंत्राला.

तिचा नवरा केवलराम भंडाऱ्याकडच्या शेतकऱ्याचा मुलगा, आता कारखान्यात फिटर. धगधगत्या भट्टीजवळ तो बेधडक जायचा, पण स्वतःच्या घरात दुपारी एकटा थांबत नसे. त्या संध्याकाळी ताटावर बसल्याबसल्या तो म्हणाला,

"साहेबाले सांगतो. कॅम्पातली आपली खोली अजून रिकामीच हाये."

क्वार्टर मिळण्याआधीची ती कॅम्पातली खोली पत्र्याची होती. मागच्या उन्हाळ्यात त्याच पत्र्याखाली त्यांचं पहिलं लेकरू तापाने गेलं होतं.

"तिथं मी येनार नाई," कांता म्हणाली.

"अन इथं? पोटुशी बाई तू, अन घरात हे असं…"

"इथं काय हाये ते मले पाहू द्या. तिथं काय हाये ते मले ठाऊक हाये."

भाताचा घास केवलरामच्या हातातच राहिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी कांता मागच्या दाराने बाहेर आली. खड्ड्यावर माती वाहणाऱ्या बायांपैकी एक, सुकवारो नावाची, रोज त्यांच्या भिंतीला टेकून बासी, म्हणजे रात्री पाण्यात भिजवलेला भात खायची. इथलीच होती ती, वयाने कांताच्या आईएवढी; इथल्या बोलीत आईला म्हणतात तसं कांता तिला दाई म्हणायची. आवाज येई तेव्हाही ती तिथेच बसलेली असे.

"दाई, तुले काही ऐकू येते का वो?"

सुकवारोने घास चावता चावता मान हलवली. नाही. पण कांताकडे तिने पाहिलं नाही.

केवलरामची सुट्टी रविवारी नसे; त्याच्या सुट्टीच्या दिवशी खड्ड्यावरचं काम चालू होतं. कांताने त्याला घरीच थांबवून घेतलं. आवाज सुरू झाला तसा तो उठून दाराकडे निघाला.

"चाललेच तर पंपवाल्याले सांगा, थोडा वेळ बंद कर म्हना. मंग पुन्हा चालू कर."

त्याने बायकोकडे पाहिलं आणि गेला. पंप थांबला. जरा वेळाने फरशीतलं रडणं क्षीण होत गेलं आणि विरलं. पंप धडधडला, तसं ते पुन्हा उमटलं. केवलराम परत आला तेव्हा घामाघूम झाला होता. तो खूप दिवसांनी मोठ्याने हसला.

"म्हणजे खाली पाणी हाये!"

"पाणी हाये अन पोकळी हाये. तिकडून पाणी उपसलं का इकडून हवा आत जाते. अन आपली चूल त्या पोकळीवर हाये."

त्याचं हसू थांबलं.

क्वार्टरांच्या दुरुस्तीचं पाहणारे भाऊराव नागपूरकडचे. त्यांनी चुलीजवळचा कोपरा फोडायला माणसं लावली. सिमेंटच्या थराखाली माती, मातीखाली कुजलेल्या फळ्या, आणि फळ्यांखाली विहीर. दगडांनी बांधलेली, काळ्या पाण्याची. बांधकामाच्या घाईत कोणी तरी ती नुसती झाकून वर फरशी घातली होती. फळीचा एक तुकडा आत पडला, आणि तो पाण्यात पडल्याचा आवाज यायला जेवढा वेळ लागला तेवढ्यात केवलरामने कांताचा दंड घट्ट धरला.

मलबा वाहायला खड्ड्यावरच्या बाया आल्या होत्या. सुकवारो घमेलं घेऊन आत आली, कडेपाशी पोचली आणि उभीच राहिली. मग तिने घमेलं खाली ठेवलं.

"हमर गाँव के कुआँ आय," ती हळू म्हणाली. "मोर मनबासी एमा गिरे रिहिस." माझी मनबासी हिच्यात पडली होती.

"तुही लेक?" कांताने विचारलं.

सुकवारोने मान डोलावली. "रोज बलाथे मोला." रोज हाक मारते मला.

तिने घमेलं भरलं, डोक्यावर घेतलं आणि बाहेर गेली. भुताचा कांताने पत्ता लावला होता. या बाईचं काय करायचं, ते तिला कळत नव्हतं.

"पक्की बुजवून टाका भाऊराव," केवलराम म्हणाला. "आवाजच नको."

"वरून जाड स्लॅब टाकतो. पण खालचं पाणी वरखाली होतच राहील. हवेसाठी पाईप ठेवावा लागेल, नाही तर पुन्हा तडा जाईल. धुराड्याच्या बाजूने छपरावर काढून देतो, तुम्हाला त्रास नाही."

"छपरावर नको," कांता म्हणाली. "मांगच्या भिंतीतून बाहेर काढा. जमिनीलगत. खाली बसलेल्या माणसाच्या कानाशी येईन असा."

भाऊरावांनी केवलरामकडे पाहिलं. केवलराम बायकोकडे पाहत होता. "ती म्हणते तसं करा," तो म्हणाला.

घर शांत झालं. दुपारी आवाज येई तो भिंतीपलीकडे. सुकवारो तिथे बसून जेवायची, कधी कधी पाईपाकडे तोंड करून काहीबाही बोलायची. थंडीत कांताला मुलगी झाली. शकुबाईने बाळाची दृष्ट काढली, आणि केवलराम दुपारचा घरात झोपू लागला.

उन्हाळ्याच्या तोंडाला खड्ड्यात काँक्रीट भरून झालं. एका सकाळी पंप ट्रकवर चढवून दुसरीकडे नेला. कांताने ते खिडकीतून पाहिलं आणि सगळी सकाळ तिचा कामात जीव लागला नाही.

दुपारी मुलीला खांद्यावर घेऊन ती मागच्या दारात आली. मजूर पांगले होते. वारा पडला होता, पानसुद्धा हलत नव्हतं. सुकवारो पाईपाला कान लावून बसली होती. कांताने श्वास रोखून ऐकलं. कुठूनही काही येत नव्हतं.

बऱ्याच वेळाने सुकवारोने मान वर केली. तिचा चेहरा निवला होता.

"आज बने गोठियाइस," ती म्हणाली. आज छान बोलली.

कांता पाईपाच्या काळ्या तोंडाकडे पाहत राहिली. मग ती भिंतीला टेकून सुकवारोच्या शेजारी बसली आणि मुलीला मांडीवर घेतलं.

"काय म्हने?" तिने विचारलं.

सुकवारो सांगू लागली.