पारोसा गुंड्या

कंगवा म्हणू नका हो मला! मी फणी आहे, बारीक दातांची, उवा काढायची. कळमनुरीच्या बाजारात रिबिनी-टिकल्यांच्या पथारीवर पडून होते. एखाद्या पोरीच्या लांबसडक केसांत फिरायचं स्वप्न होतं माझं. आणि घेतलं कुणी? जनावरांच्या डॉक्टर शीतल मॅडमनी! हिंगोलीच्या दवाखान्यात आणून थेट कुत्र्याच्या पाठीवर फिरवलं. किती दिवस रुसले होते मी.

मग कळलं, कुत्र्यामांजरांना सांगता येत नाही, नुसतं खाजवता येतं. ती खाज कशाची हे शोधायला आधी मी लागते, मग काचपट्टी आणि सूक्ष्मदर्शक. तेव्हापासून जरा तोऱ्यातच असते मी.

मागे गोरेगावच्या भिकाबाई त्यांच्या गुंड्याला घेऊन आल्या. सोबत मुलगा संतराम. गुंड्याची शेपटीकडची पाठ उघडी पडलेली, कातडी लालभडक. बाकी कुत्रं मात्र चकाचक, अंगाला साबणाचा वास. मी फिरफिर फिरले, हाती काही लागलं नाही. मॅडमनी कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. खरजेचा किडा दिसला नाही.

"मग केसं काहून गळून राहिली?" संतराम म्हणाला. "बायको बाळाला घेऊन माहेराहून येऊन राहिली, मॅडम. लेकराला खरूज लागली म्हंजे? मी याला कनेरगाव नाक्याला ढाब्यावर सोडून येतो."

भिकाबाईंनी गुंड्याला पोटाशी धरलं.

"मावशी, आज याला आंघोळ घातली?" मॅडमनी विचारलं.

"व्हय तर! डॉक्टरकडं पारोसं कसं आणायचं?"

मॅडम हसल्या नाहीत. "आता चार दिवस पाणी लावू नका. पारोसाच आणा. आणि संतरामभाऊ, तोवर कुठं सोडू नका त्याला."

अहो, माझाच जीव टांगणीला लागला! आणला एकदाचा. धुळीनं माखलेला, आणि भिकाबाई लाजून त्याला पदरानं झाकत होत्या. मी शेपटीच्या बुडाशी शिरले. दातांत काळी भुकटी आली, मागच्या वेळी आंघोळीत धुऊन गेलेली. मॅडमनी ती ओल्या कापसावर झटकली, तसा कापूस तांबडा झाला.

"ही पिसवांची घाण. त्यांनी प्यायलेलं गुंड्याचं रक्त आहे यात. पिसू चावलेली त्याला सोसत नाही, म्हणून केस गेले. खरूज नाही ही. औषधानं बरा होईल. पण पिसवा अंथरुणातही असतात. झोपतो कुठं हा?"

भिकाबाई हळूच म्हणाल्या, "माझ्या वाकळंवर. सून माहेरी गेल्यापासून घर खायला उठतंय. बोलायला न्हाई कुणी."

संतराम आईकडं बघतच राहिला. "माय, मला काहून न्हाई सांगितलं?" मग मॅडमकडं वळला. "वाकळ उकळत्या पाण्यात घातली तर जातील ना पिसवा? मी धुतो."

तिघं एकाच मोटारसायकलवर घरी गेले.

मला मॅडमनी घासूनपुसून पुन्हा ट्रेमध्ये ठेवलंय. दात दोन पडलेत, पण काम चालतं. तुमच्याकडं एवढंच मागणं आहे: खाजवणारं जनावर आणाल तेव्हा त्याला नटवून आणू नका. भिकाबाईंनी मायेनं घातलेली ती आंघोळ गुंड्याला कनेरगाव नाक्यावर पोचवणार होती.