पूल दिसत नाही

मी जुना आहे, मित्रांनो. हे पहिल्याच वाक्यात सांगून टाकतो, कारण ते वेळेवर कोणी सांगितलं नाही म्हणूनच पुढचं सगळं महाभारत घडलं. मी एक संगणक आहे. टेबलावरचा, जाडजूड, करड्या रंगाचा. माझ्या डाव्या कुशीवर एका हसऱ्या दाताचं स्टिकर आहे, आणि सुरू होताना मी असा घरघरतो की शेजारणीला वाटतं, आमच्याकडे पिठाची गिरणीच लागली.

माझी जुळणी एका लांबलचक कारखान्यात झाली. माझा शेवटचा स्क्रू पिळणाऱ्या बाईने माझ्यावरची धूळ फुंकरीने उडवली आणि म्हणाली, "जा बाबा, नाव काढ." बस, एवढंच माझं बालपण.

आणि नाव काढलं हो मी! एका दातांच्या दवाखान्यात, अगदी दारासमोरच्या टेबलावर माझी नेमणूक झाली. माझ्यापुढे बसायच्या त्या सगळ्यांच्या लाडक्या मावशी. गालाला रुमाल लावून कण्हत आलेल्या माणसाला त्या सांगायच्या, "साडेचारला या, तोवर गार पाण्याने चूळ भरा," आणि तो साडेचारचा आकडा मी जपून ठेवायचो. नऊ वर्षांत एकाही दाढेची वेळ मी चुकवली नाही. डॉक्टर येणाऱ्या-जाणाऱ्या रोग्यांना सांगायचे, "माणसं रजा घेतात, हा पठ्ठ्या घेत नाही." तेव्हा माझा पंखा जरा जास्तच जोरात फिरायचा. खोटं कशाला बोलू?

पण कौतुकाला ओहोटी लागतेच. एके दिवशी पापडासारखा पातळ, नवा संगणक आला आणि मी टेबलाखाली गेलो. एका बाजूला फरशी पुसायची बादली, दुसऱ्या बाजूला मी. मावशी दमल्या की माझ्यावर पाय ठेवून बसायच्या. शेवटी डॉक्टर म्हणाले, "भंगारवाला आला की देऊन टाका." मावशी चटकन म्हणाल्या, "त्यापेक्षा माझ्या भाचीला देऊ का?"

अशी भिंगरी माझ्या आयुष्यात आली.

भिंगरी म्हणजे मावशींची भाची. एका जागी दोन मिनिटं बसेल तर शपथ, म्हणून भिंगरी. ती, तिची आई आणि मावशी अशा तिघी तिसऱ्या मजल्यावर राहायच्या. मी घरात आलो तेव्हा तिने माझ्याभोवती तीन गिरक्या घेतल्या, जुन्या टूथब्रशने माझी एकेक फट साफ केली आणि मला 'दातोबा' असं नाव ठेवलं. मित्रांनो, टेबलाखालून वर आलेल्याला आणखी काय हवं असतं?

शाळा सुटली की तिची मैत्रीण खालच्या मजल्यावरून वर यायची. ती प्रत्येक पायरीवर थांबत यायची, प्रत्येक ओळ दोनदा वाचायची, म्हणून तिला सगळे गोगल म्हणायचे. गोगलगायमधली 'गाय' भिंगरीनेच दयाबुद्धीने गाळली होती. दोघी एकाच खुर्चीत अर्ध्या-अर्ध्या बसायच्या.

एका दुपारी त्यांना बातमी लागली. 'ढगबेट' नावाचा एक नवा ऑनलाइन खेळ तयार होत होता. ढगांवर तरंगणारी बेटं, त्यांना जोडणारे पूल आणि पलीकडे जाऊन आपलं गाव वसवायचं. खेळ अजून अर्धाकच्चा होता. तो सगळ्यांसाठी खुला करण्याआधी थोड्या लोकांना आत घेऊन त्यांच्याकडून चुका शोधून घ्यायच्या होत्या. त्यासाठी अर्ज मागवले होते. जागा फक्त दोनशे.

"सगळ्या जगाच्या आधी आपण!" भिंगरी खुर्चीतून उडालीच. मग दोघींनी करंगळ्या अडकवून ठरवलं, की जिला जागा मिळेल तिने दुसरीला आपल्या खुर्चीत अर्धी जागा द्यायची.

अर्जाचा शेवटचा प्रश्न होता: तुमचा संगणक कसा आहे? किती जुना, किती मेमरीचा?

भिंगरीची बोटं थबकली. तिने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत मी दातोबा नव्हतो.

"असा खटारा पाहून कोण आत घेणार आपल्याला?" असं म्हणत तिने दप्तरातून संगणकाच्या दुकानाचं एक पत्रक काढलं, आणि त्यातल्या सगळ्यात महागड्या संगणकाचे आकडे धडाधड उतरवून काढले.

"अगं, खरं लिही ना," गोगल म्हणाली. "वर लिहिलंय बघ. सगळ्या प्रकारचे संगणक हवेत, जुनेसुद्धा."

"ते असंच लिहितात गं! नोकरीच्या जाहिरातीत नाही का, 'अनुभव नसला तरी चालेल'? मावशी गेली होती एकदा. पहिलाच प्रश्न, अनुभव किती?"

गोगल हसली, पण आपल्या घरी जाऊन तिने स्वतःच्या अर्जात सगळं खरं लिहिलं. तिचा संगणक माझ्याहूनही म्हातारा होता. त्याची एक कळ काडेपेटीच्या तुकड्यावर उभी होती. तेही तिने लिहिलं म्हणे!

मुलींचं वय लहान, म्हणून घरच्यांची परवानगी लागायची. भिंगरीची आई बेकरीत केक करायची. ती नुकतीच आली होती, हाताला मैदा लागलेला. "सगळं खरं लिहिलंयस ना?" तिने विचारलं. "हो गं आई." आईने माउस पिठाळ होऊ नये म्हणून करंगळीने परवानगीवर टिचकी मारली.

बारा दिवसांनी भिंगरीला पत्र आलं. तुमची निवड झाली आहे! ती इतकी नाचली की खालून कोणीतरी छताला काठी ठोकली. गोगलला काही आलं नव्हतं. तरी ती हसतमुखाने वर आली आणि खुर्चीच्या अर्ध्या भागात बसली.

खेळ माझ्यात उतरायला पुरे दोन दिवस लागले. मी जीव खाऊन कामाला लागलो, मित्रांनो. त्या खेळात झाडं जमिनीच्या वीतभर वर तरंगत होती, कोंबड्यांना पायच नव्हते. ते पाहून दोघी पोट धरधरून हसल्या. चुका शोधून कळवायच्या, हेच तर काम होतं. पण मग पहिल्या बेटाचा काठ आला. पलीकडे जायला तिथे मोठा नक्षीदार पूल होता. बाकीचे खेळाडू भराभर पलीकडे जात होते. मला मात्र तो पूल पडद्यावर काढता येईना. माझी तेवढी ताकदच नव्हती. जो पूल मी काढू शकलो नाही, त्यावर भिंगरीला चालता कसं येणार? ती पाऊल टाकायची आणि धप्पकन ढगात. पुन्हा उठायची, पुन्हा धप्प.

तिने तक्रार लिहिली: पूल दिसत नाही.

खेळ तयार करणाऱ्यांपैकी एक ताई सगळ्यांच्या तक्रारी वाचायची. तिचं उत्तर लगेच आलं. 'तुझ्या इतक्या नव्याकोऱ्या संगणकावर असं व्हायलाच नको. म्हणजे चूक आमच्या पुलातच आहे. शोधतो.'

त्यांनी पूल हटवला. तोही सगळ्यांसाठी! दोनशे माणसं काठावर ताटकळली. त्यांनी पूल पुन्हा बांधला, पुन्हा मोडला. खेळाडू लिहू लागले, 'कोणाच्या तक्रारीपायी हा खोळंबा?' भिंगरी नखं खात ते वाचायची.

"अजून वेळ गेली नाहीये," गोगल म्हणाली. "त्यांना सांग ना, संगणक जुना आहे म्हणून."

"तुला काय जातंय सांगायला! तुला जागा मिळाली नाही, म्हणून जळतेयस तू."

गोगल सावकाश उठली. "मी अर्ध्या खुर्चीसाठी येत नव्हते गं," एवढंच म्हणाली आणि गेली. पायऱ्यांवर ती कुठेही थांबल्याचं मला ऐकू आलं नाही. भिंगरीने माझ्या कुशीवर एक जोरदार थापड मारली, नेमकी दाताच्या स्टिकरवर. "सगळं तुझ्यामुळे, खटाऱ्या!"

सहाव्या दिवशी त्या ताईचा निरोप आला: 'तुझ्या संगणकाची नोंदवही पाठवशील का? एक कळ दाबली की झालं.'

आता आमची एक खोड सांगतो. आम्ही संगणक मुकाट्याने एक नोंदवही ठेवतो. काय चाललं, काय अडलं, आणि अगदी वर, आपण स्वतः कोण, किती साली जन्मलो, किती मेमरीचे. तिच्यात थापा मारायची सोय नसते. भिंगरीला हे ठाऊक नव्हतं. तिला वाटलं, त्यात फक्त पुलाचं असेल. तिने कळ दाबली.

मित्रांनो, मी गप्प राहू शकलो असतो तर? ऐन वेळी बंद पडलो असतो तर? नऊ वर्षं न पडलेला मी त्या दिवशीही पडलो नाही. माझ्याच तोंडाने मी माझं वय सांगून बसलो. खरंच बोललो, तरी तिला तोंडघशी पाडलं याची चुटपुट आजही आहे.

दुसऱ्या दिवशी पत्रं आली, एक भिंगरीला आणि एक परवानगी देणाऱ्या आईलाही. 'तू पाहिलेली चूक खरी होती. पण संगणकाचं खरं न सांगितल्यामुळे आम्ही सहा दिवस भलत्याच ठिकाणी शोधत राहिलो. तुझी जागा काढून घ्यावी लागतेय. वाईट याचं वाटतं, की जुन्या संगणकांचा एक वेगळा गट आम्ही करत होतो, आणि त्यात आम्हाला अगदी तुझ्यासारखीच मुलगी हवी होती.'

आई रागावली नाही. ती म्हणाली, "मी विचारलं होतं ना तुला?" आणि हात धुवायला आत गेली. भिंगरीला रागावलेलं परवडलं असतं.

त्याच आठवड्यात दारात गोगल उभी राहिली. "मला आलं पत्र. जुन्यांच्या गटात." भिंगरी माझ्याकडेच तोंड करून बसली होती. तिचे डोळे भरलेले मला दिसत होते, गोगलला नाही.

"छान," भिंगरी म्हणाली.

"येतेस खाली? आमची खुर्ची रुंद आहे."

मित्रांनो, एवढं एकच वाक्य पुरे होतं. मागे वळ, वेडे, वळ, म्हणून मी घरघर घरघर करत होतो. पण ती वळली नाही. "अभ्यास आहे," म्हणाली. गोगलने दार हळूच ओढून घेतलं. मग गेली. परीक्षा संपल्यावर तिच्या बाबांची बदली झाली आणि खालचं घर रिकामं झालं.

पुढे चाचणीची दुसरी फेरी निघाली. या वेळी भिंगरीने अर्ज वरपासून खालपर्यंत वाचला, प्रत्येक ओळ दोनदा. माझं खरं वय लिहिलं. मेमरी खरी लिहिली. खाली आपणहून जोडलं, 'फार घरघरतो, पण आजवर कधी बंद पडलेला नाही.' उत्तर आलं, जुन्या संगणकांच्या जागा भरल्या आहेत.

वर्षभराने 'ढगबेट' सगळ्यांसाठी खुलं झालं. काल दुपारी भिंगरीने ते माझ्यात उतरवलं. पहिल्या बेटाचा काठ आला आणि मला धडकीच भरली. पण नक्षीदार पुलाशेजारी आता एक दुसरा पूल होता. साध्या फळ्यांचा, माझ्यासारख्या म्हाताऱ्यांनाही काढता येईल असा. तो मी काढला, फळीफळीने. पाटीवर लिहिलं होतं, 'हा पूल जुन्या संगणकांच्या गटाने सुचवला.' आणि पाटीखाली, पहिल्याच फळीवर, एक चिमुकली गोगलगाय कोरलेली होती.

भिंगरी खुर्चीच्या अर्ध्याच भागात बसली होती. सवय जात नाही. तिने हात पुढे केला आणि माझ्या कुशीवरचं ते स्टिकर बोटाने हळूच सारखं केलं. "चुकलं रे," ती म्हणाली. मला म्हणाली की त्या गोगलगायीला, कोण जाणे.

मित्रांनो, तुमच्याकडेही एखादा दातोबा असेल. त्याची धूळ पुसा, पण त्याहून महत्त्वाचं, कोणी विचारलं तर त्याचं वय लपवू नका. आणि कोणी अर्धी खुर्ची देऊ केली, तर वळून बघा. माझ्यासारख्याची दुरुस्ती होते, त्या क्षणाची होत नाही.

माझ्या नोंदवहीत कालच्या दुपारची एवढीच ओळ आहे: पूल दिसतो. खेळाडू अजून पुलाच्या अलीकडेच उभी आहे.