कोच ड्रायलिंगचा आवाज गेला ते वर्ष

वेंडल ड्रायलिंगचा आवाज मैदानावरून थेट गावाबाहेरच्या धान्याच्या कोठारापर्यंत जायचा. कोठारावर वजनकाट्याला बसणारा गस म्हणायचा, "मी कशाला तिकीट काढून सामना बघू? वेंडल पुढचा डाव इथपर्यंत ओरडून सांगतो की." गसला ऐकू यायचं ते समोरच्या संघालाही ऐकू यायचं, पण हे वेंडलला सांगायची कुणाची छाती नव्हती. माझीही नव्हती, आणि मी तर एकोणीस वर्षं त्याचा सहायक होतो. दिवसभर शाळेत गणित शिकवायचं आणि साडेतीन वाजले की गळ्यात शिट्टी अडकवून कोल्टर बेंड शाळेच्या अमेरिकन फुटबॉलच्या मैदानावर त्याच्या शेजारी उभं राहायचं.

त्याची पद्धत एकच होती. मैदानावर अकरा पोरं असली तरी डोकं एकच, आणि ते रेषेबाहेर उभं. कुणी कुठला पाय आधी टाकायचा, कुणी कुणाला अडवायचं, डाव चालवणाऱ्या क्वार्टरबॅकनं चेंडू हातात आल्यावर किती पावलं मागे जायचं, सगळं तो ओरडून सांगायचा. डाव संपला की अकराच्या अकरा माना त्याच्याकडे वळायच्या. चुकलेल्याचा तिथल्या तिथे उद्धार व्हायचा. "अरे गाढवा, डावा पाय म्हणालो मी! डावा! जेवतोस त्या हाताकडचा तो उजवा, दुसरा तो डावा!" लोक हसायचे. पोरं हसायची नाहीत.

आम्ही फार वाईट होतो असं नाही. पाच जिंकायचो, चार हरायचो. पण सामना अटीतटीचा झाला, बाकांवरचे लोक उठून आरडाओरडा करायला लागले आणि त्या गोंधळात वेंडलचा आवाज बुडाला, की आमची पोरं जागच्या जागी थिजायची. दर वर्षी असंच व्हायचं. वेंडल म्हणायचा, "यांच्यात दमच नाही." मी मान डोलवायचो.

त्या वर्षी फेब्रुवारीत त्याचा घसा बसला तो सुटेचना. विचिटा शहरातल्या डॉक्टरांनी तपासलं, गाठ निघाली, आणि मार्चमध्ये त्याचं स्वरयंत्र काढून टाकलं. गळ्याला श्वासासाठी भोक उरलं, त्यावर तो सुती रुमाल बांधायचा. मी भेटायला गेलो तर त्याची बायको व्हर्ना दारातच म्हणाली, "ये लायल. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा मला घरातलं घड्याळ ऐकू येतंय." ती हसली आणि मग तोंडाला भांडी पुसायचं फडकं लावून तशीच उभी राहिली.

डॉक्टरांनी घशाला लावून बोलायचं एक यंत्र दिलं होतं. त्यातून मधमाशी डब्यात कोंडल्यासारखा आवाज निघायचा. वेंडलनं ते दोन दिवस वापरलं आणि खणात टाकलं. शाळेला वाटलं, तो आता निवृत्त होणार. ऑगस्टमध्ये सरावाच्या पहिल्या दिवशी तो सगळ्यांच्या आधी मैदानावर हजर होता. हातात लहान पांढरी पाटी, खिशात पेन. त्यानं पाटीवर लिहिलं, "लायल, तू माझा आवाज."

मग तसंच सुरू झालं. तो लिहायचा, मी ओरडायचो. त्याची वाक्यं, त्याच्या शिव्या, सगळं. पहिला सामना हरलो. दुसऱ्यात तर एकेचाळीस-सहा असा धुव्वा उडाला. तो लिहून संपवेपर्यंत आणि मी वाचून ओरडेपर्यंत समोरचे पळून गेलेले असायचे.

परतताना बसमध्ये इमेट कून माझ्या शेजारी येऊन बसला. तो आमचा क्वार्टरबॅक, सतरा वर्षांचा, कोपरं सोललेली.

"कोच लायल, खरं बोललो तर रागावणार नाही ना?"

"बोल."

"ते ओरडायचे तेव्हा आम्हाला राग यायचा. तुम्ही ओरडता तेव्हा कीव येते."

"कुणाची? माझी?"

"तुमची, त्यांची. सगळ्यांचीच."

मी रागावलो नाही, पण त्या रात्री मला जेवण गेलं नाही. रविवारी मी वेंडलच्या घरी जाऊन हे जसंच्या तसं सांगितलं. त्यानं पाटीला हातही लावला नाही.

सोमवारी सरावाला तो आला आणि त्यानं सरळ माझ्या गळ्यातली शिट्टी काढून स्वतःच्या खिशात टाकली. मग रेषा ओलांडून मैदानाच्या मध्यभागी गेला. एकोणीस वर्षांत सराव चालू असताना तो रेषेच्या आत गेलेला मी पाहिला नव्हता. पोरं घाबरून गोळा झाली. त्यानं पाटीवर लिहून ती इमेटसमोर धरली.

"शुक्रवारी शेवटच्या डावात काय दिसलं?"

इमेटनं पाटी वाचली, माझ्याकडे बघितलं, पुन्हा पाटीकडे. "काय दिसायचं कोच? मी तुमच्याकडे बघत होतो."

वेंडलनं पाटी पुसली. दुसऱ्याला विचारलं, तिसऱ्याला विचारलं. कुणी खांदे उडवले, कुणी बुटाकडे बघितलं. असं करत तो ओटिस बेफर्टपाशी आला. ओटिस आमचा सगळ्यात आडदांड गडी. ओळीच्या मधोमध वाकून चेंडू मागे इमेटच्या हातात द्यायचा आणि समोरून येणाऱ्याला अंगावर घ्यायचं, हे त्याचं काम. महिन्यात दहा शब्द बोलला तर खूप.

ओटिसनं घसा खाकरला. "माझ्यासमोरचा तो गडी डावीकडे झेपावणार असला की आधी जमिनीवर टेकवलेली बोटं उचलतो. जराशीच. उजवीकडे जायचं असलं तर नाही उचलत."

सगळ्यांच्या माना ओटिसकडे वळल्या.

"हे तुला कधी कळलं?" मी विचारलं.

"तिसरं वर्ष आहे त्याच्यासमोर खेळायचं. पहिल्याच वर्षी कळलं."

"अरे माणसा, मग आजवर बोलला का नाहीस?"

"विचारलं कुणी?"

तो उद्धटपणे नाही बोलला. त्याला खरंच प्रश्न पडला होता. मी वेंडलकडे पाहिलं. त्याचा चेहरा असा झाला होता की मी नजर वळवली. सराव संपल्यावर गाडीपाशी त्यानं मला पाटी दाखवली. त्यावर एवढंच होतं, "तीन वर्षं." खाली दोन रेघा मारलेल्या, दुसरी इतकी दाबून की पेनाचं टोक चेपलं होतं.

त्यानंतर जे झालं ते मी रोज पाहत होतो, तरी मला त्याचा उलगडा होत नव्हता. ओरडता येत नाही म्हणून वेंडलला प्रत्येक पोरापर्यंत चालत जावं लागायचं. पाय चुकला तर तो गुडघ्यावर बसायचा आणि दोन्ही हातांनी त्या पोराचा बूट धरून नीट ठेवायचा. साठीला आलेला माणूस, गळ्याला रुमाल, कपाळावरून घामाच्या धारा. ज्या पोरांना त्यानं दोन वर्षं गाढव म्हटलं होतं, ती श्वास रोखून त्याच्या टकलाकडे बघत उभी राहायची. आणि मग हळूहळू पोरं बोलायला लागली. आधी एकेक शब्द, नंतर वाक्यं, नंतर कडाक्याची भांडणं. "तू मध्ये येतोस म्हणून मी अडतो." "मग तू उशिरा का निघतोस, चुलीवर काही ठेवलंयस का?" वेंडल मध्ये उभा राहून ऐकायचा. क्वचित पाटी वर करायचा, आणि त्यावर बहुतेक वेळा प्रश्नच असायचा.

पुढच्या सात सामन्यांपैकी सहा आम्ही जिंकलो. बाद फेरीचे दोन जिंकलो. शाळेच्या इतिहासात त्याच्या पुढे कुणी गेलं नव्हतं. तिसऱ्या फेरीत मार्लो क्रीक समोर आलं.

मार्लो क्रीकचा कोच रॉलंड स्टेगर. वाईट माणूस नव्हे, उलट फार अभ्यासू. दोनदा राज्याचं विजेतेपद जिंकलेला. त्याच्या हातात जाडजूड वही, कानाला हेडफोन, आणि त्यातून खबर द्यायला बाकांच्या वरच्या खोलीत दोन सहायक बसवलेले. त्याची पोरं प्रत्येक डावाआधी त्याच्या खुणेची वाट बघायची आणि खूण मिळाली की घड्याळाच्या काट्यासारखी हलायची. खरं तर वेंडलला आयुष्यभर जे हवं होतं, ते स्टेगरनं करून दाखवलं होतं.

नोव्हेंबरचा वारा बोचत होता. आख्खं गाव आलेलं, कोबी-खिमा भरलेले गरम बिअरॉक पाव हातात धरून. गसही आला होता, तिकीट काढून. आम्ही वीस-सतरा असे मागे, चाळीस सेकंद उरलेली, गोलरेषा बारा यार्डांवर. तीन प्रयत्न संपलेले, चौथा आणि शेवटचा, आणि चेंडू आमच्याकडे राहायला अजून तीन यार्ड हवेत. शहाणा माणूस इथे चेंडू लाथेनं खांबांमधून उडवतो, तीन गुण घेतो आणि बरोबरी करतो. वारा तोंडावर होता, तरी मीसुद्धा तेच केलं असतं. मी तोंड उघडलं. वेंडलचा पंजा माझ्या छातीवर आला आणि तिथेच राहिला.

आमच्या पोरांपैकी एकानंही आमच्याकडे मान वळवली नव्हती.

पोरं नेहमीसारखी घोळका करून मसलत करतील असं मला वाटलं. तसं झालं नाही. इमेट सरळ ओटिसच्या मागे जाऊन उभा राहिला, आणि त्याला उभा पाहून बाकीचे आपापल्या जागी गेले. तेव्हा मला समोरचे दिसले. मार्लो क्रीकच्या अकराही पोरांच्या माना स्टेगरकडे वळलेल्या होत्या. स्टेगरची बोटं वहीतलं पान शोधत होती. एखाद्या सेकंदाचा खेळ. इमेटनं फक्त एक शब्द उच्चारला, "आत्ता."

चेंडू मागे आला. ओटिसनं समोरच्याला अंगावर घेतलं आणि भिंत सरकावी तसा सरकवत नेला. डावीकडच्या दोघांनी वाट रुंद केली, आणि इमेट चेंडू पोटाशी धरून त्या वाटेनं पळाला. त्याला कुणाचा हातही लागला नाही. गोलरेषा ओलांडल्याचे सहा गुण मिळाले आणि आम्ही पुढे गेलो, ते शेवटपर्यंत. हा डाव आम्ही कधी शिकवलेला नव्हता. आमच्या कुठल्याच वहीत तो नव्हता. अकरा पोरांनी तो तिथल्या तिथे जन्माला घातला, आणि प्रत्येकाला स्वतःचा वाटा ठाऊक होता. चर्चमध्ये मला कधी अंगावर काटा आलेला नाही. त्या संध्याकाळी आला.

मी वळून पाहिलं तर वेंडल टाळ्या वाजवत नव्हता, नाचत नव्हता. डोक्यावरची टोपी काढून, छातीशी धरून तो उभा होता.

सामना संपल्यावर स्टेगर चालत आला. हात मिळवून म्हणाला, "वेंडल, तो डाव कुणी सांगितला? तुझी तर काहीच खूण दिसली नाही." वेंडलनं मैदानाकडे बोट केलं. स्टेगरला वाटलं, तो थट्टा करतोय. मी म्हणालो, "नाही हो, खरंच सांगतोय तो." स्टेगर बराच वेळ त्या चिखलानं माखलेल्या, एकमेकांच्या अंगावर पडून रडणाऱ्या-हसणाऱ्या पोरांकडे बघत राहिला. मग वही काखेत मारून निघून गेला.

पुढच्या शुक्रवारी आम्ही हरलो. पस्तीस-दहा. समोरचे आमच्यापेक्षा मोठे होते, जोरकस होते, आणि चांगलंही खेळले. त्यात रडण्यासारखं काही नव्हतं.

हंगाम संपला. सोमवारी सराव नव्हता. मी खांद्याची चिलखतं मोजून कपाटात ठेवायला गेलो, तर मैदानावरून आवाज आले. बारीक बर्फ पडत होतं, आणि आमची चौदा-पंधरा पोरं घरच्या कपड्यांत तिथे जमली होती. शुक्रवारचा एक डाव पुन्हा पुन्हा लावून बघत होती आणि तावातावानं भांडत होती. ओटिस सगळ्यात जास्त बोलत होता. यातले सहा जण मेमध्ये शाळा संपवून जाणार होते, ओटिस आणि इमेट त्यांतलेच. त्यांना पुन्हा कधी सामना खेळायला मिळणार नव्हता.

थोड्या वेळानं वेंडल माझ्याशेजारी येऊन उभा राहिला. पोरांनी आम्हाला पाहिलंच नाही. अंधार पडून त्यांना चेंडू दिसेनासा होईपर्यंत आम्ही दोघे तिथेच उभे होतो.