बोटभर कमी

आमच्या ह्यांच्या अडगळीवरून मी जेवढी भांडले, तेवढी आयुष्यात कुणाशीच भांडले नसेन. हे फरशी बसवणारे. तीस वर्षं लोकांच्या घरांत फरशी बसवली आणि प्रत्येक कामावरून काहीतरी उचलून आणलं. फरशीच्या पेट्यांच्या फळ्या, मोडक्या दाराची चौकट, वाकडे खिळे ठोकून सरळ केलेला डबाभर माल. मागच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. तर त्याच अडगळीतून ह्यांनी एक स्टूल केलं आणि मला माझे सगळे शब्द गिळावे लागले.

त्याचं असं झालं, स्कूटर घसरून ह्यांच्या पायाचं हाड मोडलं. चार महिने प्लास्टर आणि सोफा. हाड जुळलं, पण सोफा काही सुटेना. टीव्ही तिथंच, बिस्किटं तिथंच, आणि उठायचं म्हटलं की माझा खांदा. ज्याचं सगळं काम जमिनीवर, त्याला जमिनीवर बसून उठता येईना. तिकडे लेकीचं नवीन घर तयार झालं होतं. सगळीकडे फरशी झाली, स्वयंपाकघर तेवढं तिनं तसंच ठेवलं. "ते बाबा करणार," म्हणाली. पण एक तारखेला राहायला जायचं होतं. तोवर बाबांना जमलं नाही तर दुसरा माणूस येणार. हे कळल्यावर ह्यांनी दिवसभर टीव्हीसुद्धा लावला नाही.

व्यायाम शिकवायला एक बाई यायच्या. त्या म्हणाल्या, "हात न टेकता बसा, हात न टेकता उठा. दहा वेळा, दिवसातून तीनदा. सोपं वाटायला लागलं की बैठक जराशी खाली आणा." बाईंची पाठ वळली आणि हे मला म्हणाले, "अगं, मागची ती चौकट ओढून आण बरं."

चौकटीचे चार पाय झाले आणि पेटीच्या फळ्यांची बैठक. दीड फूट उंच, दणकट. पायांवर ह्यांनी पेन्सिलीनं एकेका बोटाच्या अंतरावर खुणा केल्या. दर रविवारी बोटभर कापायचं, की झालं. मला तर ऐकूनच हुरूप आला. मी सोफ्यावर धुवायच्या कपड्यांचा ढीग टाकला, बिस्किटांचा डबा शेजारणीला देऊन टाकला आणि जाहीर केलं की दहा उठाबशा झाल्याशिवाय चहा मिळणार नाही.

पहिल्या रविवारी करवत चालली आणि खालच्या मजल्यावरचे लोक बघायला वर आले. ह्यांनी त्यांनाही उठाबशा काढायला लावल्या. दुसऱ्या, तिसऱ्या रविवारी तर सकाळपासून आमची घाई. आपण लग्नाच्या नव्या नवलाईत तरी इतकं हसलो होतो का, असं मी ह्यांना विचारलंसुद्धा. लेकीचा संध्याकाळी फोन यायचा. तिचा एकच प्रश्न असायचा, "स्टूल कितीवर आलं?"

चौथ्या आठवड्यात मात्र चोरी सुरू झाली. उठताना ह्यांचा हात हळूच भिंतीकडे जायचा. मी बघितलं की म्हणायचे, "माशी होती."  पण मला भीती वाटायला लागली.

पाचवा रविवार शेवटचा. त्या संध्याकाळी लेकीला हो की नाही ते सांगायचं होतं. बोटभर कापून स्टूल या खेपेला भिंतीपासून लांब, खोलीच्या मधोमध ठेवलं, तर ते डुगडुगायला लागलं. डुगडुगणारी वस्तू फरशीवाल्याला बघवत नाही. ह्यांनी एक पाय घासला. मग दुसरा आखूड वाटला. मी धरतेय, हे कापताहेत. सरकवून बघितलं, तर तिथं तिसराच पाय अधांतरी. तासाभरात खोलीभर भुसा झाला आणि स्टूल पाटासारखं दिसायला लागलं. जेमतेम वीतभर उरलं होतं. माझा पारा चढला. "झालं समाधान? आता ह्यावर मांजर बसवा."

ह्यांचं लक्षच नव्हतं. धपकन त्याच स्टुलावर बसले, वाकून जमिनीवर हात फिरवला, एक डोळा मिटून बघितलं. "अगं, स्टूल सरळ आहे. ही फरशीच वाकडी आहे."

असणारच. ठिकठिकाणच्या कामांतल्या उरलेल्या फरश्या, काही जाड, काही पातळ, सुट्टीच्या दिवशी घाईघाईनं बसवलेल्या.

"कुठल्या गाढवानं बसवलीय ही?"

"तुम्हीच," मी म्हणाले.

हे तरातरा उठले, मागच्या खोलीतून लेव्हलची पट्टी घेऊन आले, पुन्हा बसले, फरशीवर पट्टी ठेवली, "बघ, बघ" म्हणत पुन्हा उठले आणि दुसऱ्या कोपऱ्याकडे निघाले. मी करवत हातात धरून उभी. खोलीच्या मधोमध टेकायला भिंत कुठली?

"अहो, तुम्ही उठलात."

"मग? उठू नको?"

"हात न टेकता. दोनदा."

हे स्टुलाकडे बघायला लागले, मग माझ्याकडे. आता ठरवून बसले, आणि अडकले. अर्धे वर आले आणि धपकन खाली.  मग मला सुचलं. "माझ्याकडे बघू नका. तो कोपरा बघा, केवढा खाली गेलाय."

ह्यांनी कोपऱ्याकडे बघितलं, मी इथं सांगू शकत नाही असा एक शब्द उच्चारला आणि ताडकन उभे राहिले. पायांत ताकद कधीचीच आली होती, आड येत होती ती भीती. मग काय, पाच वेळा, सात वेळा. शेवटी स्टूल बाजूला सारलं, जमिनीवर उकिडवे बसले आणि उठले. मी हसत होते की रडत होते, माझं मलाच कळेना.

तेवढ्यात फोन वाजला. ह्यांनी तो माझ्या हातून ओढून घेतला. मी कान लावून उभी राहिले.

"त्या माणसाला येऊ नको म्हणून सांग. आणि लिहून घे. रेती बारीक चाळून ठेव. फरश्या आदल्या दिवशी भिजत घाल. उन्हात ठेवू नकोस. सुरुवात ओट्याकडून करायची, दाराकडून नाही. लिहितेयस ना?"

तिकडून नुसतं नाक ओढल्याचं ऐकू आलं.

"लिहितेयस ना गं?"

"थांबा ना बाबा," लेक म्हणाली. "मला कागद दिसत नाहीये."