एकशे पंच्याहत्तर

अल्बीना ओर्साकने कोलाचेंचा, म्हणजे जर्दाळू भरलेल्या गोड पावांचा, डबा न उघडताच शेजारी सरकवला.

“घ्या की बाई, गरम आहेत,” शेजारी बसलेला अर्विन म्हणाला. सत्तरी ओलांडलेला, भातशेती करणारा माणूस.

“ईस्टरपर्यंत गोड सोडलंय.”

“मग तुमच्या वाटचं मी खातो. पाप माझ्या नावावर टाका.” त्याने कोलाचे उचलला. हात थरथरत होता. साखर टेबलभर सांडली.

पिस्तुलाच्या परवान्याचा वर्ग घेणारा कॅस्पर पूर्वी शाळेत फुटबॉल शिकवायचा. सगळे त्याला अजूनही कोचच म्हणत. तो यादी घेऊन तिच्यापाशी आला.

“ओर्साक. बरोबर लिहिलंय ना? पूर्वी कधी पिस्तूल चालवलंय?”

“बापाच्या शेतात. सापांवर.”

“मग तुमच्या नवऱ्याने जपून राहायला हवं,” कोच म्हणाला. वर्ग हसला. त्याने नावापुढे खूण केली आणि मान वर न करता पुढे गेला.

पर्समध्ये अल्बीनाची बोटं जपमाळेवर घट्ट मिटली. तिचं नाव तो विसरला होता. बहुधा त्याने ते कधी लक्षात ठेवलंच नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी, शेजारच्या जिल्ह्यातल्या पेट्रोल पंपावर, कोणीतरी कोणाची तरी पर्स हिसकावली. वेंडेल क्राउच नावाच्या म्हाताऱ्याने चोरावर गोळी झाडली. ती डिझेल भरत असलेल्या रेमंडला लागली. अल्बीनाच्या नवऱ्याला. वेंडेल पुढे तिच्या स्वयंपाकघरात येऊन रडला. म्हणाला, “परवान्याच्या परीक्षेत मला एक गुण कमी पडत होता. कोचने घातला.” वेंडेलला तिने क्षमा केली. रोजच्या प्रार्थनेत त्याचं नाव घेतलं, तो वारला तेव्हा मेणबत्ती लावली. कोच मात्र कोर्टात आलाच नाही. त्याने अर्ध्या पानाचं पत्र पाठवलं: एकशे पंच्याहत्तरला पास, क्राउच एकशे पंच्याहत्तर.

कोचच्या नावाशी तिची प्रार्थना रोज अडायची. तिला परवाना नको होता. एक माणूस मेल्यावरही हा तसाच गुण घालतो का, एवढंच तिला पाहायचं होतं.

दुपारपर्यंत कायद्याचे धडे झाले. मग ‘भांडण शब्दांनी कसं मिटवावं’ हा धडा आला. कोचने तो भराभर वाचला.

“थोडक्यात, तोंड बंद ठेवा आणि घरी जा. लेखीत एवढं आलं की पुरे.”

अल्बीनाने पेन्सिल इतकी दाबली की टोक मोडलं.

लेखी परीक्षा सगळेच पास झाले. मग चांदमारीचं मैदान. प्रत्येकासमोर कागदावरची काळी मानवाकृती. आधी तीन यार्डांवरून, मग सात, मग पंधरा. गोळ्या पन्नास. छातीवरच्या रेघेच्या आत पाच गुण, रेघेबाहेर पण आकृतीत चार, आकृतीबाहेर शून्य.

पन्नास हा आकडा तिला नवा नव्हता. रोज पहाटे ती माळेवर पन्नास ‘नमो मारिया’ म्हणायची.

“काय पुटपुटताय बाई?” कोचने मागून विचारलं. “प्रार्थना?”

“मोजतेय.”

गोळीबार थांबला. पिस्तुलं रिकामी करून टेबलावर ठेवली गेली. कोच कागद मोजू लागला. अर्विनच्या कागदावरून त्याचं बोट घाईने फिरलं.

“एकशे शहात्तर. शाब्बास, म्हातारबा.”

अर्विनच्या खांद्यावर थाप मारून तो तिच्या कागदाकडे वळला. मोजलं, थांबला, ओठ चावला.

“एकशे चौऱ्याहत्तर.” मग एका भोकाशी बोट नेलं. “पण हे रेघेला लागलंय. एकशे पंच्याहत्तर. पास.”

“लागलेलं नाही. मध्ये बोट मावेल.”

“बाई, मी तुमच्याच बाजूने आहे. एका गुणाने कोणाचं काय बिघडतं?”

तिचा आवाज नेहमीइतकाच हळू निघाला.

“पुन्हा मोजा.”

कोच वैतागून वाकला. छातीतल्या चौतीस गोळ्या एकमेकींना खेटून होत्या. रेघेजवळची ती एक सोडली, तर उरलेल्या पंधरा आकृतीच्या खांद्याबाहेर, पांढऱ्या कागदात. त्याही एका बशीखाली झाकतील एवढ्याच जागेत. त्याने त्या भोकांवरून बोट फिरवलं.

“या चुकलेल्या नाहीत.”

“नाही.”

“मग कशासाठी?”

“रेमंड ओर्साक,” ती म्हणाली. “तुम्ही वेंडेलला एक गुण दिलात, तो डिझेल भरणाऱ्या माणसाला लागला. तेव्हा पत्र पाठवलंत. आज समोर आहात, तर माझ्या कागदावर नापास लिहा.”

कोचच्या हातातलं पेन हललं नाही.

अर्विन पुढे आला. खिशात घातलेला आपला कागद त्याने बाहेर काढला आणि उलगडला.

“कोच,” तो म्हणाला, “माझाही पुन्हा मोजा.”

कागद त्याच्या हातात थरथरत होता. अल्बीनाने त्याचं दुसरं टोक धरलं.