लाइलचं हेल्मेट

पाचवी पाटी ठोकायला डब हॅस्केट आला. दिवसाढवळ्या, आमच्या घरासमोरच्या हिरवळीवर. 'घर विकणे आहे.' फुटबॉलचा कोच हरायला लागला की आमच्या गावात त्याच्या दारात अशा पाट्या उगवतात. तोंडानं कुणी काही बोलत नाही.

"खोल ठोक रे," मी पायरीवरून म्हटलं. "टेक्ससचा वारा हा. उडाली तर ओक्लाहोमात कुणाचं तरी घर विकून मोकळी होईल."

"राग नका मानू, ओर्लीनबाई. आम्हा शाळेच्या मंडळवाल्यांचं ठरलंय. उद्याचा सामना हरलो तर कोचना कायमची रजा."

या डबला खेळायला शिकवलं माझ्याच नवऱ्यानं. बावीस वर्षं तो कोच. त्याला नावानं हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं; मीसुद्धा कोचच म्हणायची.

दुसऱ्या दिवशी सामन्याची शेवटची दोन मिनिटं उरली तेव्हा आम्ही चार गुणांनी मागं होतो. आमच्याकडच्या फुटबॉलात चेंडू हातात घेऊन पळतात; आमच्या संघातला लाइल प्रुइट तो काखेत मारून सुसाट सुटला. दोघांनी त्याला असा आपटला की माझ्या थर्मासमधली कॉफी हिंदकळली. पोरगं उठलं, चालायला लागलं, आणि सरळ समोरच्या संघाच्या बाकावर जाऊन बसलं.

कोचनं त्याला दंडाला धरून आणलं. मी कठड्यामागं पहिल्याच रांगेत.

"आज वार कुठला, बाळा?"

"बरा आहे मी, कोच. खेळतो."

"वार विचारला मी."

लाइलनं बराच विचार केला. "कापूस वेचून झाला का आपला?"

कोचनं त्याचं हेल्मेट काढलं. बाकावर ठेवलं तर पोरगं उचलून पळणार, हे त्याला ठाऊक. त्यानं ते कठड्यावरून माझ्याकडं फेकलं.

"बस त्याच्यावर," म्हणाला.

मी बसले. वरून घोंगडी पसरली. हेल्मेटशिवाय मैदानात पाऊल टाकता येत नाही, आणि लाइलचं डोकं कलिंगडाएवढं. दुसऱ्याचं त्याला कानापर्यंतसुद्धा येत नव्हतं.

डब धापा टाकत आला. "लाइलचं हेल्मेट कुठंय?"

"त्यात साप निघाला. चांगला वेटोळं घालून बसलेला, चष्मा लावून."

"थट्टा नको. शेवटच्या रेषेला तीन यार्ड राहिलेत, चेंडू पलीकडं नेला की जिंकलो. लाइल तेवढं डोळे झाकून कापेल. नाहीतर उद्या सामान बांधा."

त्या घरात माझी तिन्ही बाळंतपणं झाली होती. हेल्मेटची कड मांडीत रुतत होती. मी घोंगडी आणखी आवळून घेतली.

"बांधू," म्हटलं.

लाइलच्या जागी दुसरा गडी घुसला. वीतभर कमी पडला. एवढी माणसं, पण शिट्टीनंतर फक्त झेंड्याची दोरी खांबावर आपटत होती.

कोचनं समोरच्या कोचशी हात मिळवला आणि गाडी काढली. इस्पितळ चाळीस मैलांवर. लाइल आमच्या दोघांच्या मध्ये, डोकं माझ्या खांद्यावर.

"कोच, जिंकलो का आपण?"

"नाही, बाळा. चार गुणांनी हरलो."

पोराच्या डोळ्यांत पाणी आलं. मैलभरानं त्यानं पुन्हा तेच विचारलं, आणि पुन्हा नव्यानं रडला. कोचच्या जागी मी असते तर पहिल्याच खेपेला शंभर गुणांनी जिंकवलं असतं त्याला.

"कोच, जिंकलो का?"

कोचनं गाडीचा वेग थोडा कमी केला. "नाही, बाळा," तो म्हणाला, पहिल्यांदाच सांगत असल्यासारखं. "चार गुणांनी हरलो."